स्वकष्टार्जित

आमच्या गावातल्या एका घराण्याचा इतिहास मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहून काढला. घराण्याला इतिहास नव्हता, त्यामुळे काम लवकर झालं.

तासगावपासून काही मैलांवर, येरळेच्या काठच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. दुसरं महायुद्ध चालू होतं. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आणि सोयीचा छापखाना सांगलीत, म्हणजे संस्थानात. त्यामुळे मजकूर इंग्रजांच्या मुलखात लिहिला गेला आणि छापला गेला संस्थानी मुलखात. खरेपणाची जबाबदारी दोन्हींपैकी कुठल्याच सरकारवर येत नव्हती.

लिहून घेणाऱ्या गृहस्थांना गाव आबासाहेब म्हणे. साठीला आलेले, उंच, अबोली रंगाचा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. नदीकाठी बावीस एकर बागायत, बांधीव विहीर, दोन मुलगे. पंगतीत त्यांचं पान पहिलं मांडलं जाई आणि देवळाच्या उत्सवात नारळ त्यांच्या हातानं फुटे. त्यांच्या घरी चहा होत नसे. आलेल्याला दूध मिळे. चहा हे हलक्या लोकांचं पेय आहे असं ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हललेली मी कधी पाहिली नाही.

इतिहासाची गरज थोरल्या मुलाच्या लग्नामुळे पडली. मुलगी शिराळ्याकडची. तिच्या वडिलांकडे जुने कागद होते, खरे, वाळवी लागलेले. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "आपलं मूळ कुठलं?" आबासाहेबांनी "सगळं लिवून ठेवलंय, पाठवून देतो" असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत आले.

"मास्तर, आमचं मूळ लिवायचंय."

"माहिती काय काय आहे?"

"आजा इथलाच. त्येच्या आधीचं तुमी बगा."

मी बघितलं. एक पूर्वज कर्नाटकच्या मोहिमेवर पाठवला. त्याला घायाळ घोड्यासकट पुराच्या नदीतून पलीकडे काढला आणि त्या कामगिरीबद्दल बावीस एकर जमीन इनाम देववली. एकर हे माप इंग्रजांनी आणलं हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, छापून झाला होता. पुढच्या फर्म्यात मी ‘बिघे’ केले आणि दोन्हींचा मेळ वाचकांवर सोपवला. सनद मात्र पेंढाऱ्यांनी जाळली असं लिहिलं. नसलेली सनद जळालेली असली की बरं पडतं, आणि पेंढाऱ्यांच्या बाजूनं तक्रार घेऊन कुणी येत नाही.

लढाईमुळे कागदाची टंचाई होती. छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी आणलेला गुलाबी कागद उरला होता, त्यावर चाळीस पानांचं पुस्तक निघालं. लग्नात प्रत्येक पाहुण्याला पानसुपारीबरोबर एक प्रत मिळाली. बहुतेकांनी तिनं वारा घेतला. व्याह्यांनी मात्र तिथेच, मांडवात बसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, कपाळाला लावली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मला तो माझा सन्मान वाटला.

त्या थोरल्या मुलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. तो माझ्या हाताखाली शिकून गेलेला. बोलायला कमी, कामाला वाघ. लग्नानंतर वर्षभरानं बायकोला दुखणं आलं म्हणून तिला घेऊन तो मिरजेच्या इस्पितळात गेला. दुखणं लांबलं. इस्पितळ आणि स्टेशन यांच्यामध्ये येरझाऱ्या घालता घालता त्याच्या लक्षात आलं की मिरजेत सगळं जग वाट बघत बसलेलं असतं, कुणी डॉक्टरची, कुणी गाडीची, आणि वाट बघणाऱ्या माणसाला धड चहा मिळत नाही. बायको बरी झाली तेव्हा तो घरी परतला नाही. स्टेशनाबाहेर त्यानं एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, दोन बाकं टाकली आणि चहाचं हॉटेल काढलं.

आबासाहेबांना हे एका गुळाच्या व्यापाऱ्याकडून कळलं. "आबासाहेब, तुमच्या थोरल्याचा च्या लय झ्याक असतो बगा," असं तो म्हणाला. बिचाऱ्यानं कौतुकानं सांगितलं होतं.

मुलाला निरोप गेला. तो आला. मला साक्षीला बोलावलं होतं, किंवा घराण्याचा इतिहासकार म्हणून असेल. सोप्यात आबासाहेब लोडाला टेकून आणि मुलगा पायरीशी उभा.

"कप कोन इसळतंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"मीच की."

"लोकांचं उष्टं?"

"आबा, उष्टं न इसळता दुसऱ्याला कसं द्यायचं?"

"शहाण्णव कुळीतला मानूस ठेसनावर उष्टी काढतोय!"

"गाडी आली की कूळ पुसायला कुनाला येळ नसतो, आबा."

"बंद कर. उद्याच्याला बंद कर."

"न्हाई जमायचं."

"मग आजपासनं तू मला मेलास."

मुलगा आत जाऊन आईच्या पाया पडला, बाहेर आला, माझ्याही पाया पडला आणि निघून गेला. वडिलांच्या पाया पडावं की नाही याबद्दल त्याचा निर्णय झालेला दिसला नाही. दोन पावलं पुढे आला होता, पण आबासाहेबांनी पाय लोडाखाली घेतले.

पोराला बेदखल करायची आमच्या भागातली रीत ठरलेली होती. गावात दवंडी द्यायची आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापायची. एवढं केलं की पोरगा मिळकतीतून गेला, अशी सर्वांची खात्री होती. कायदा काय म्हणतो हे कुणी विचारलं नव्हतं, कारण नोटीस छापून आली म्हणजे कायद्यानंच छापली अशी समजूत. मीही शिकलेला असून त्याच समजुतीत होतो.

नोटीस मीच लिहिली. सांगलीच्या एका साप्ताहिकात ती केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली आली. ‘सर्व लोकांस कळविण्यात येते की, आमचा थोरला मुलगा आमच्या आज्ञेबाहेर वागून कुळास बट्टा लावणारा धंदा करीत असल्याने, आमच्या पूर्वजांनी तलवारीच्या जोरावर मिळवलेल्या व पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या मिळकतीत त्याचा कसलाही हक्क राहिलेला नाही.’ वाक्य मोठं असूनही कुठे अडखळत नव्हतं. मी खूश होतो.

दवंडी देणाऱ्याला हे वाक्य पेललं नाही. त्यानं चावडीपुढे डफडं वाजवून आपल्या शब्दांत सांगितलं, "ऐका हो ऐका! आबासायबांनी थोरल्याला घरातनं काडलाय होऽ! मिरज ठेसनाच्या भाईर, डाव्या अंगाला, पत्र्याच्या शेडात च्याचं हाटेल घातल्याबद्दल होऽ!" याचा परिणाम एवढाच झाला की तोपर्यंत ज्यांना ठावठिकाणा माहीत नव्हता त्यांना तो समजला, आणि मिरजेला गेलेला आमच्या गावचा माणूस त्या शेडात डोकावल्याशिवाय परतेनासा झाला.

पंधरा दिवसांत रजिस्टर पोस्टानं उत्तर आलं. मुलाकडून नव्हे, व्याह्यांकडून. त्यांनी जावयातर्फे वकील दिला होता. पत्रात लिहिलं होतं की, मिळकत वडिलोपार्जित असल्याचं आपण स्वतःच जाहीर नोटिशीत कबूल केलं आहे. शिवाय आपण छापलेल्या ग्रंथात पान सात, पान अकरा आणि पान एकोणतीस इथे तीच गोष्ट आहे. तरी आमच्या अशिलाचा हिस्सा मुकाट्यानं वाटून द्यावा. सोबत त्या तिन्ही पानांवरचे उतारे होते. माझं लिखाण इतक्या बारकाईनं त्याआधी कुणी वाचलं नव्हतं आणि त्यानंतरही कुणी वाचलेलं नाही.

आबासाहेब मला घेऊन तासगावच्या वकिलांकडे गेले. हे वकील म्हणजे बारीक अंगाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. कोर्टात एका कानानं कमी ऐकणाऱ्या न्यायाधीशापुढे त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे घरीही ते तशाच आवाजात बोलत. त्यांनी पत्र वाचलं, नोटीस वाचली, मग गुलाबी पुस्तक घेऊन खिडकीशी बसले. मध्ये एकदा हसले. ते कर्नाटकच्या मोहिमेपाशी आले असावेत असा मी अंदाज केला.

"आबासाहेब," ते म्हणाले, "मिळकत दोन तऱ्हेची असते. एक बापाकडून, आज्याकडून चालत आलेली. तिच्यात पोरगा जन्मल्याबरोबर भागीदार. तो चहा विकू दे नाही तर दरोडे घालू दे, त्याचा हिस्सा तुम्ही काढून घेऊ शकत नाही. दवंडी द्या, नाही तर तोफ डागा. दुसरी मिळकत स्वतः कमावलेली. ती तुमची एकट्याची. तिचं मृत्युपत्र करा आणि धाकट्याला द्या, देवळाला द्या, या मास्तरांना द्या, कुणी विचारणार नाही."

"मग मला धाकट्याला द्यायची हाय."

"मग ती तुम्ही कमावलेली पाहिजे. आणि हे बघा, तुम्ही चाळीस पानं छापून लोकांना सांगितलंय की ती तुम्ही कमावलेली नाही."

आबासाहेब माझ्याकडे बघू लागले. मी पुस्तकाच्या गुलाबी कागदाकडे बघू लागलो.

"खरं काय आहे?" वकिलांनी विचारलं. "जमिनीचे कागद असतील ना?"

आबासाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मास्तर, तुमी जरा भाईर बसा."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. आबासाहेब आत हळू आवाजात काही सांगत होते, ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण वकिलांना प्रत्येक गोष्ट परत म्हणून खात्री करून घ्यायची सवय होती.

"आज्याची किती? सव्वादोन एकर? बस? तीही जिराईत?"

मग पुन्हा आतला हळू आवाज.

"बाकीची विकत घेतली! कुणाकडून? शेजारच्या गावच्या जैनांकडून. बरं. खरेदीखत तुमच्या नावावर. उत्तम! पैसे कुठून आणले?"

पुन्हा कुजबुज, या वेळी लांबलेली.

"कुठं? बसऱ्याला? इराकात? पहिल्या लढाईत? पलटणीत होता? म्हणजे शिपाई... नाही? मग कोण? लांगरी! म्हणजे स्वयंपाकी! बरं. पण त्या पगारात एवढी जमीन... नंतर काय? गोदीवर? कशाचं दुकान? जरा मोठ्यानं बोला, आबासाहेब. चहाचं!"

बाकावर माझ्याशेजारी दोन पक्षकार बसले होते. ते बोलायचे थांबले होते. त्यांतला एक मला म्हणाला, "कोन म्हनायचं हे?" मी म्हटलं, "माहीत नाही."

मला आत बोलावलं तेव्हा वकील फारच आनंदात होते. त्यांच्या मते दावा हातात आल्यासारखा होता. त्यांनी कागदावर एक ओळ लिहून दाखवली आणि तिच्यातल्या एका शब्दावर पेन्सिलीनं टकटक केलं. "इथे हा शब्द घालायचा. स्वकष्टार्जित. खरेदीखतं जोडायची. मग ते पिंजऱ्यात तुम्हाला विचारतील, की तुमच्या पुस्तकात तर तलवार आहे. तुम्ही सांगायचं, पुस्तक खोटं. जमीन मी बसऱ्याच्या गोदीवर चहा विकून घेतली. मग ते विचारतील, कप कोण विसळत होतं? तुम्ही शांतपणे सांगायचं, मी. संपलं. मास्तरांनाही पिंजऱ्यात यावं लागेल, घोडा आणि नदी आपण मनानं लिहिली हे सांगायला."

शाळा लोकल बोर्डाची होती. मी इतिहास शिकवत होतो. त्या क्षणी मला थोरल्या मुलाच्या हक्काबद्दल एकाएकी मोठी सहानुभूती वाटू लागली.

परतताना आम्ही सर्व्हिस मोटारीत बसलो. पेट्रोल नसल्यामुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती आणि चढावर उतरून ढकलावी लागे. आबासाहेब पहिल्यांदाच खाली उतरले आणि लोकांबरोबर ढकलू लागले. कंडक्टर घाबरून म्हणाला, "आवं, तुमी बसा, तुमी बसा." ते बसले नाहीत.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं.

"मास्तर, तुमी शब्दांचं मानूस. ह्या दोनीच्या मदला कायतरी शब्द आसंल की."

"कसला मधला?"

"म्हंजी, जमीन मीच मिळीवली, पन... तशी न्हवं."

मी शोधायला लागलो. शब्द नव्हता असं नाही. जुन्या धर्मशास्त्राच्या एका मराठी पुस्तकात मला तो सापडला. शौर्यानं मिळवलेलं धन हे ज्याचं त्याचं असतं, ते भाऊबंदांत वाटावं लागत नाही, आणि त्याला शौर्यधन म्हणतात. मी तो उतारा लिहून नेला. आबासाहेबांनी तो दोनदा मोठ्यानं वाचायला लावला.

"शौर्यधन!" ते म्हणाले. "ह्यो शब्द आधी कुटं लपवून ठेवला हुता, मास्तर? लडाईवर तर मी गेलोच हुतो!"

ते उठून आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून पलटणीचा जुना कागद काढून आणला. इंग्रजी कागद, घडीवर फाटलेला. त्यात शौर्याची नोंद असेल अशी त्यांना आशा होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचला. हुद्दा: स्वयंपाकी. वर्तणूक: चांगली. अंगावरच्या खुणा: डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण.

"व्रण हाय न्हवं?" आबासाहेब म्हणाले.

"भाजल्याचा."

"लडाईतच भाजलं की."

दारात त्यांची बायको उभी होती. घरातल्या गोष्टीत ती सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी पदर सावरून पुढे आली. "आवं, लपवायला चोरी केली हुती काय? तुमचं बसऱ्यास्नं पैकं यायचं, तवा ह्या गल्लीत पैलं पत्र्याचं छप्पर आपुन घातलं. बाया बगायला यायच्या. तवा कुनी इच्यारलं न्हाई शौर्याचं हायत का उकाळ्याचं."

"तू आत जा."

"जाती की. थोरल्याला म्या कवाच सांगितलंय समदं. लहान हुता तवाच. बाप कुटं गेलाय म्हनून रडायचा, तवा काय सांगनार? तलवार मास्तरांनी मागनं घातली."

ती आत गेली. आबासाहेब कागदाची घडी घालत बसले. घडी बरोबर येत नव्हती.

"त्याला ठावं हाय," ते म्हणाले. विचारल्यासारखं नव्हे.

मी शौर्यधन घेऊन एकटाच तासगावला जाऊन आलो. वकिलांनी उतारा वाचला आणि म्हणाले, "सुंदर शब्द आहे. पण कोर्टात शौर्य सिद्ध करावं लागतं. गोदीवर किटली घेऊन उभं राहणं हे शौर्य कसं, ते मला नाही मांडता यायचं. तुम्ही मांडता का?" मी नाही म्हणालो. "मग दोनच शब्द उरतात. कुठला ते त्यांना विचारून या. स्वकष्टार्जित म्हणाले तर पोराला काही मिळत नाही, निदान बावीसपैकी वीस एकरांत तरी. वडिलोपार्जित म्हणाले तर वाटणी करून द्यावी लागते: धाकट्याचा एक वाटा, थोरल्याचा एक, आबासाहेब नवराबायकोचा मिळून एक."

मी गावी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे आता सगळा प्रश्न एका माणसाच्या तोंडच्या एका शब्दावर आला होता. खरं बोलले तर पोराला हवी तशी शिक्षा. खोटं बोलले तर पोराला सात एकर बागायत. खरं बोलण्याचा एवढा फायदा असलेला प्रसंग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आबासाहेबांनी आठवडा घेतला. त्या आठवड्यात ते रोज सकाळी जमिनीवर जात आणि बांधावर उभे राहत. ज्या जैन कुटुंबाकडून जमीन घेतली त्यातले एक म्हातारे अजून त्या रानाला ‘आमचं वरचं रान’ म्हणत. एकदा ते बांधावरून जाताना थांबले आणि म्हणाले, "काय आबासाहेब, जमीन बगताय? चांगली घेतलीसा त्या वक्ताला." घेतलीसा, हा शब्द त्यांनी सहज वापरला. गावाला सगळं ठाऊक होतं. पुस्तकाच्या प्रती घराघरांत होत्या, आणि खरेदी कुणाकडून झाली तेही घराघरांत ठाऊक होतं, आणि यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नव्हतं. गावानं त्यांना आबासाहेब म्हणायचं ठरवलं होतं, त्याला कारण लागत नव्हतं. हे एकट्या आबासाहेबांनाच माहीत नव्हतं. मी ते त्यांना सांगायला हवं होतं. पण मग चाळीस पानं कशाला लिहिली, हा प्रश्न आला असता.

शेवटी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "वाटनी करून टाका."

"म्हणजे वडिलोपार्जित?"

"माज्या हातानं लिवून देऊ, की माज्या बापाला सव्वादोन एकर हुतं?" ते म्हणाले. "वाटनी करा आन भाईर काडा त्येला. इहिरीकडचा तुकडा द्या."

विहिरीकडचा तुकडा हा सगळ्यांत चांगला. मी तसं म्हटलं.

"लिवा म्हंतो न्हवं."

अशा रीतीनं आबासाहेबांनी थोरल्या मुलाला बेदखल केलं. त्यासाठी त्यांना सात एकर बागायत द्यावी लागली.

वाटणीपत्राची नोंदणी तासगावला झाली. आबासाहेब धाकट्याला आणि मला घेऊन बैलगाडीनं सकाळीच पोहोचले. थोरला मिरजेहून आला. सोप्यातल्या त्या दिवसानंतर तो आणि वडील समोरासमोर आले नव्हते. कचेरीच्या ओसरीवर दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. धाकटा मध्ये बसला, तो एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघून उठून बैल सोडायला गेला. बैल आधीच सोडलेले होते.

थोरल्यानं माझ्याकडे वाटणीपत्राचा मसुदा मागितला. नीट वाचला. मग बाकावरून न उठता, समोर बघत म्हणाला,

"आबा, ह्यात वडिलोपार्जित लिवलंय."

आबासाहेबांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये रोवली.

"मला जमीन नको. सासऱ्यांनी नोटीस धाडली, म्या न्हाई. मला एकच पायजे. एकदा म्हना, की म्या बी च्या इकला. लोकांत न्हाई, हितं, माज्यापुढं म्हना. म्हना, आन ह्यो कागद म्या फाडतो. सगळी जमीन धाकट्याला."

मी उठून जाऊ लागलो. आबासाहेबांनी काठी आडवी धरली, म्हणून बसलो. सात एकर जमीन आणि एक वाक्य. ओसरीवर आणखी माणसं होती, पण आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे वाक्य बोलायला सोय होती.

आबासाहेब समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. त्यांचा डावा हात काठीच्या मुठीवर होता आणि बाही जरा वर सरकली होती.

"सही कर," ते म्हणाले.

थोरल्यानं मसुद्याची घडी घातली आणि मला परत दिली.

आत बोलावणं आलं. कारकुनानं दस्त वाचला, एका श्वासात, कुठलाही शब्द दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा न मानता. मग ओळख देणारा म्हणून मला विचारलं, "या दोघांना तुम्ही व्यक्तिशः ओळखता?" मी हो म्हणालो. त्यानं लिहिण्यासाठी धंदे विचारले. आबासाहेबांनी सांगितलं, "शेती." थोरल्यानं सांगितलं, "हॉटेल." कारकून मान वर करून म्हणाला, "कुठे हो?" आणि मिरज ऐकल्यावर, "मग चालतंय का? साखर तर रेशनवर."

"गुळाचा करतो," थोरला म्हणाला. "पर रोज दोन-तीन भांडी नासत्यात. दूध फाटतंय."

"गुळाचं तसंच," कारकून म्हणाला आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठा."

आबासाहेबांनी अंगठा दिला, सही केली. थोरल्यानं अंगठा दिला, सही केली. मीही केली. दोघं शाई पुसायला ओसरीवर आले. तिथे भिंतीला एक फडकं टांगलेलं होतं, सगळ्या तालुक्याच्या अंगठ्यांनी काळं झालेलं. आबासाहेबांनी त्याला बोट पुसलं आणि फडक्याकडेच बघत म्हणाले,

"येकात उकळतोस काय?"

"आं?"

"दूध आन गूळ. येकात घालून उकळतोस काय?"

"व्हय."

"मग फाटंल न्हाई तर काय हुईल. गूळ आन पत्ती पान्यात उकळून घ्यायची. गाळायची. दूध दुसऱ्या चुलीवर येगळं तापवायचं, आन देताना वरनं घालायचं, कपात. तिकडं साखरेचं जहाज आलं न्हाई म्हंजी..." ते थांबले. "वरनं घालायचं. कपात."

थोरल्याच्या हातात फडक्याचं दुसरं टोक होतं. "आन आलं?" त्यानं विचारलं.

"पान्यात. गुळाच्या आधी."

"ठेचून, का किसून?"

"ठेचून रं. किसतोस काय तू?"

"किसतो."

"काय कळंना म्हनायचं तुला," आबासाहेब म्हणाले आणि फेटा सारखा करून धाकट्यानं आणलेल्या गाडीकडे चालू लागले. गाडी मला विसरून हलली तरी थोरला ओसरीवरच उभा होता. मग त्यानं माझ्याकडचा वाटणीपत्राचा मसुदा मागून घेतला, पेन्सिल मागितली, आणि कागद भिंतीला टेकवून कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. आधी आलं, ठेचून, मग गूळ.